डेटा सायन्समध्ये जाण्यासाठी बूटकॅम्पची फी भरावी का? निर्णयाआधीच्या पायऱ्या, क्रमाने

शनिवारी आपण दोन तासांच्या मोफत वेबिनारला नाव नोंदवतो आणि रविवारी सकाळी ‘करिअर काउन्सेलर’चा फोन येतो. डेटा सायन्सच्या बूटकॅम्पची, म्हणजे काही महिन्यांत नोकरीसाठी तयार करण्याचा दावा करणाऱ्या अभ्यासक्रमाची, फी अडीच लाख रुपये आहे, पण आज रात्री बारापर्यंत थोडी रक्कम भरून जागा राखून ठेवली तर सवलत मिळेल, आणि उरलेल्या पैशांचे बिनव्याजी हप्ते करून मिळतील, असे तो सांगतो. बँकेत, कारखान्यात, बीपीओत किंवा शाळेत सात-आठ वर्षे काढलेल्या आणि आता दिशा बदलू पाहणाऱ्या माणसाला हा फोन आला की निर्णय घ्यायला त्याच्याकडे जेमतेम काही तास उरतात. हा लेख त्या माणसासाठी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: पहिल्या तीन महिन्यांत ही फी कोणीच भरू नये. त्यानंतर काहींनी जरूर भरावी, मात्र आपण नेमके काय विकत घेत आहोत हे ठाऊक असेल तरच भरावी.

पायरी पहिली : कोणती नोकरी हवी आहे ते ठरवा

‘डेटा सायन्स’ या एका नावाखाली निदान चार वेगवेगळी कामे विकली जातात. डेटा अ‍ॅनालिस्टचा दिवस एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा), एक्सेल आणि पॉवर बीआय किंवा टॅब्लो या आलेख-अहवालांच्या साधनांमध्ये जातो. विक्री का घटली, कोणत्या शाखेत तक्रारी वाढल्या, अशा प्रश्नांची उत्तरे तो शोधतो. डेटा इंजिनिअर माहिती एका यंत्रणेतून दुसऱ्या यंत्रणेत वेळेवर आणि न बिघडता पोहोचवतो, आणि त्याचे काम मुळात सॉफ्टवेअरचे असते. मशीन लर्निंग इंजिनिअर तयार मॉडेल, म्हणजे जुन्या डेटावरून अंदाज बांधायला शिकवलेला प्रोग्राम, प्रत्यक्ष वापरात आणतो आणि चालते ठेवतो. उरला डेटा सायंटिस्ट. या पदासाठी बहुतेक ठिकाणी संख्याशास्त्र, गणित किंवा संगणकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, नाहीतर अ‍ॅनालिस्ट म्हणून काही वर्षांचा अनुभव पाहिला जातो. बूटकॅम्पच्या जाहिरातीत पगार या चौथ्या पदाचा छापलेला असतो. अभ्यासक्रम संपल्यावर ज्या मुलाखती मिळतात त्या मात्र बहुधा पहिल्या पदाच्या असतात. पहिले पद वाईट आहे असे अजिबात नाही. उलट करिअर बदलणाऱ्याला शिरायला तेच दार सर्वांत सोयीचे आहे, फक्त आपण त्या दारातून आत जाणार आहोत हे आधी माहीत असावे.

बाजारही पूर्वीचा राहिलेला नाही. २०१२ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने डेटा सायंटिस्टच्या नोकरीला एकविसाव्या शतकातील सर्वांत आकर्षक नोकरी म्हटले आणि त्याच सुमारास अमेरिकेत बूटकॅम्पची लाट सुरू झाली. तेव्हा पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मॉडेल बसवता येणारी माणसेच मोजकी होती. आज महाराष्ट्रातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स’ ही स्वतंत्र शाखा आहे आणि तिथली मुले चार वर्षे तेच शिकून बाहेर पडत आहेत. चौतिसाव्या वर्षी, सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राच्या जोरावर, त्या मुलांच्या रांगेत ‘फ्रेशर’ म्हणून उभे राहण्यात शहाणपणा नाही. आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही, आणि पुढची पायरी त्यासाठीच आहे.

पायरी दुसरी : जुन्या नोकरीतला डेटा शोधा

चाकणच्या एखाद्या वाहनभागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात सात वर्षे काम केलेला अभियंता डोळ्यांसमोर आणा. तो रोज रिजेक्शनचे आकडे पाहतो, कंट्रोल चार्ट वाचतो, आणि एखादे माप मर्यादेबाहेर गेले तर तो निव्वळ योगायोग आहे की मशीनची सेटिंग हलली आहे, हे ठरवतो. संख्याशास्त्रातला एक मोठा प्रश्न त्याने हाताने सोडवलेला असतो. त्याला त्या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकी नाव ठाऊक नसते, एवढेच. बँकेच्या कर्जविभागातील अधिकाऱ्याला कोणते खाते थकणार याचा वास कागदपत्रे पाहताच येतो. रुग्णालयाच्या बिलिंग विभागात बसणाऱ्याला विमा कंपनी कोणते दावे परत पाठवते हे तोंडपाठ असते.

एका कोऱ्या पानावर आपल्या सध्याच्या कामातील असे दहा प्रश्न लिहून काढा, ज्यांचे उत्तर आकड्यांवरून मिळू शकेल पण आज अंदाजाने दिले जाते. दहा प्रश्न सुचले तर आपल्याकडे भांडवल आहे. दोनच सुचले तर काही दिवस थांबून सहकाऱ्यांशी बोला, कारण हे पान पुढे प्रोजेक्टसाठी, रेझ्युमेसाठी आणि मुलाखतीसाठी लागणार आहे, आणि ते कोणताही बूटकॅम्प भरून देणार नाही.

पायरी तिसरी : बारा आठवड्यांची स्वतःची परीक्षा

नोकरी न सोडता आठवड्याला आठ ते दहा तास, असे बारा आठवडे काढा. पहिले चार आठवडे एसक्यूएल, पुढचे चार पायथन आणि त्यातील पांडाज ही तक्ते हाताळण्याची लायब्ररी, आणि शेवटचे चार एक प्रोजेक्ट, अशी ढोबळ वाटणी पुरे. संख्याशास्त्र मात्र बाराही आठवडे थोडे थोडे चालू ठेवावे. आयआयटींच्या प्राध्यापकांचे वर्ग एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर मोफत पाहता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते. साधने पुष्कळ आहेत. म्हणून साधने जमवण्यात दोन आठवडे घालवू नका. हा आजार इतका सर्रास आहे की काहींच्या लॅपटॉपवर वीस अभ्यासक्रम दहा-दहा टक्के पूर्ण झालेले सापडतात.

प्रोजेक्टबाबत मी जरा आग्रही आहे. टायटॅनिक जहाजावरील प्रवाशांपैकी कोण वाचले असेल हे ओळखण्यासाठीचा, कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावरचा ८९१ ओळींचा तक्ता, किंवा १५० फुलांच्या पाकळ्यांच्या मापांचा १९३६ सालचा आयरिस तक्ता सरावाला उत्तम आहे, पण रेझ्युमेवर तो असून नसून सारखाच, कारण तो सगळ्यांच्याच रेझ्युमेवर असतो. शिवाय ते तक्ते खूप हाताळले गेलेले आहेत आणि त्यांच्या प्रत्येक टप्प्याची उत्तरे तयार मिळतात. प्रत्यक्षातला डेटा कसा असतो हे पाहायचे असेल तर कांद्याचे भाव घ्या.

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ आणि केंद्राचे अ‍ॅगमार्कनेट यांच्याकडे बाजार समित्यांतील रोजची आवक आणि कमीत कमी, जास्तीत जास्त व सर्वसाधारण दर मिळतात. ‘लासलगावचा पुढच्या आठवड्याचा कांद्याचा दर सांगणे’ असा साधा वाटणारा प्रश्न घेऊन बसलात तर पहिल्याच संध्याकाळी तीन अडचणी येतात. पहिली अशी की लासलगाव, लासलगाव-निफाड आणि लासलगाव-विंचूर अशा वेगवेगळ्या नोंदी आहेत. त्या एकत्र धरायच्या की निराळ्या, हे तुम्हालाच ठरवायचे आहे. दुसरी अडचण जातीची. लाल कांदा आणि उन्हाळी कांदा यांचे हंगाम आणि टिकाऊपणा निराळे असतात. दोन्हींची सरसकट सरासरी काढली तर जो दर येईल त्या दराने कोणताही शेतकरी कधी कांदा विकत नाही. तिसरी अडचण कोऱ्या दिवसांची. काही दिवस सुट्टीचे असतात, पण सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलावच बंद ठेवले होते. त्या दिवसांच्या रिकाम्या जागी सरासरी दर भरून टाकणे म्हणजे न झालेल्या लिलावाचा भाव आपण स्वतःच ठरवणे.

एवढे निस्तरून मॉडेल बसवले की ते बहुधा छान उत्तरे देऊ लागते, आणि इथेच सावध व्हायचे असते. तारखा पिसून काही ओळी शिकवण्यासाठी आणि काही तपासण्यासाठी ठेवल्या असतील, तर मॉडेलने मंगळवार आणि गुरुवार आधीच पाहिलेले असतात आणि आपण त्याला बुधवार विचारत असतो. योग्य रीत अशी की एका तारखेपर्यंतचा डेटा शिकवायचा आणि त्यानंतरच्या तारखांवर तपासायचे. तसे केले की ऑगस्ट २०२३ मधील ४० टक्के निर्यातशुल्क, त्याच वर्षी ८ डिसेंबरपासूनची निर्यातबंदी आणि ४ मे २०२४ रोजी ती उठणे, या प्रत्येक वळणावर मॉडेल तोंडावर आपटण्याचा संभव दिसू लागतो, कारण दिल्लीतील अधिसूचना त्या तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात नाहीत. आपले मॉडेल कुठे आणि का चुकते हे एका पानात स्पष्ट लिहू शकणारा उमेदवार, ९५ टक्के अचूकतेचा दावा करणाऱ्या उमेदवारापेक्षा मुलाखत घेणाऱ्याला जास्त आवडतो. निदान मला तरी.

बारा आठवड्यांत किती शिकलात याला दुय्यम महत्त्व आहे. चुकीच्या, अर्धवट नोंदींनी भरलेल्या एका रकान्याशी तीन तास झगडून झाल्यावर आपल्याला कंटाळा आला की पुढे जावेसे वाटले, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. नोकरीतला बराचसा वेळ याच कामात जातो. कंटाळा आला असेल तर अडीच लाख वाचले, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

पायरी चौथी : कुठे अडलात, त्याप्रमाणे औषध

वेळापत्रक पाळले गेले नाही, आठवड्यामागून आठवडे बुडाले, असे असेल तर शिस्त विकत घ्यावी लागेल, आणि बूटकॅम्प तिथे खरोखर उपयोगी पडतो: ठरलेली वेळ, सोबतची बॅच, सोमवारपर्यंत द्यायचा गृहपाठ. अभ्यास झाला पण आपला कोड बरा की वाईट हे सांगणारे कोणी नव्हते, असे असेल तर मार्गदर्शकाची गरज आहे. ती महागड्या बूटकॅम्पने भागेलच असे नाही. तासाप्रमाणे पैसे घेऊन कोड तपासून देणारा अनुभवी माणूस मिळाला तर ते कितीतरी स्वस्त पडते. गणितच कळेनासे झाले असेल तर मात्र कोणताही सहा महिन्यांचा कार्यक्रम ती उणीव भरून काढणार नाही, कारण तिथे गणितासाठी जेमतेम दोन-तीन आठवडे राखलेले असतात.

गणिताचा पाया हवा असणाऱ्यांसाठी आयआयटी मद्रासचा २०२० साली सुरू झालेला ऑनलाइन डेटा सायन्स पदवी अभ्यासक्रम हा मला सर्वांत प्रामाणिक पर्याय वाटतो. त्यात आधी पात्रता-टप्पा पार करावा लागतो, परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, आणि फाउंडेशन, डिप्लोमा अशा टप्प्यांवर बाहेरही पडता येते. नोकरी सांभाळून करणारे त्यात बरेच आहेत. मात्र तो वर्षांचा मामला आहे. पूर्ण वेळ देणे शक्य असेल तर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा बिग डेटा अ‍ॅनालिटिक्समधील पदव्युत्तर डिप्लोमा पाहावा. तो साधारण सहा महिन्यांचा आहे, प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून होतो आणि पुण्यात त्याची चांगली ओळख आहे. तिथे वर्गात बसणारी बहुतेक मुले नुकती पदवीधर झालेली असतात, हे तिशी ओलांडलेल्यांनी मनाशी ठेवून जावे.

आणि अडचण फक्त ‘प्रमाणपत्र नाही’ एवढीच असेल, बाकी सारे जमले असेल, तर बूटकॅम्प घेऊ नका.

पायरी पाचवी : संस्थेला विचारायचे प्रश्न

शिस्तीसाठी किंवा मार्गदर्शनासाठी बूटकॅम्प घ्यायचा ठरलाच, तर पहिला प्रश्न टक्केवारीच्या खालच्या आकड्याबद्दल विचारा. ‘८५ टक्के प्लेसमेंट’ म्हणजे कशाच्या ८५ टक्के? बॅचमध्ये फी भरलेल्यांच्या, अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांच्या, की ‘प्लेसमेंटसाठी पात्र’ ठरवलेल्यांच्या? नोकरी मिळालेल्यांपैकी किती जण डेटाच्या कामावर लागले, किती जणांना त्याच संस्थेने सहायक शिक्षक किंवा विक्री प्रतिनिधी म्हणून घेतले, आणि किती जण जुन्याच कंपनीत बढती मिळून राहिले? सर्वोच्च पॅकेज ऐकून घेऊ नका, मध्यक विचारा, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारा आकडा. ज्या संस्थेला मध्यक म्हणजे काय हे फोनवर सांगता येत नाही ती संख्याशास्त्र काय शिकवणार, हा प्रश्न आपसूकच सुटतो.

हा संशय अनाठायी नाही. अमेरिकेतील ‘ब्लूमटेक’ या, पूर्वी ‘लॅम्डा स्कूल’ नावाने गाजलेल्या संस्थेवर तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने एप्रिल २०२४ मध्ये कारवाई केली. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी मिळते असे सांगितले जात होते. संस्थेच्या स्वतःच्या अंतर्गत नोंदींत हा आकडा ५० टक्क्यांच्या जवळपास, काही वेळा ३० टक्क्यांपर्यंत खाली होता. ‘नोकरी लागल्यावर पगारातील हिस्सा द्या, हे कर्ज नव्हे’ असे सांगून केलेले करारही प्रत्यक्षात कर्जच असल्याचे त्या विभागाने ठरवले. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी व्यवसायातील फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. नोकरीच्या हमीचे खोटे दावे आणि लेखी संमतीशिवाय यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे वापरणे त्यांत निषिद्ध आहे.

‘जॉब गॅरंटी’ आणि ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हमी असली तरी तिच्या अटी वाचा: ठरावीक टक्के हजेरी, प्रत्येक चाचणीत किमान गुण, देशात कुठेही जाण्याची तयारी, आणि मिळालेली पहिली नोकरी नाकारली की हमी संपली. मुले शाळेत आहेत, घर डोंबिवलीत आहे, अशा माणसासाठी ‘देशात कुठेही’ ही एकच अट सगळी हमी पुसून टाकते.

याखेरीज एक चालू वर्ग तासभर बसून पाहू द्या म्हणा. रेकॉर्ड केलेला डेमो नको. गृहपाठ कोण तपासतो आणि काय शेरे देतो, त्याचा एक नमुना मागा. माजी विद्यार्थी त्यांनी दिलेले न घेता लिंक्डइनवर स्वतः शोधा आणि वर्षापूर्वीच्या बॅचमधल्या तिघा-चौघांना नम्रपणे विचारा. बहुतेक जण उत्तर देतात, आणि मराठीत विचारले तर जरा मोकळेपणाने देतात.

पायरी सहावी : पैशांचा हिशेब कागदावर

फी २,५०,००० रुपये असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २,९५,००० होतात, आणि २४ महिन्यांत विभागले तर महिन्याला सुमारे १२,३०० रुपये. आता नोकरी सोडून शिकायचे ठरवले, पगार ४०,००० होता आणि शिकण्यात सहा व नोकरी शोधण्यात सहा महिने गेले, तर बुडालेला पगार ४,८०,०००. म्हणजे खरा खर्च पावणेआठ लाखांवर जातो. नव्या नोकरीत महिन्याला १५,००० जास्त मिळाले असे धरले तरी ही रक्कम भरून यायला चार वर्षांहून अधिक काळ लागतो. नोकरी न सोडता शिकल्यास तोच काळ वीस महिन्यांवर येतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपले आकडे घालून हाच हिशेब घरातल्यांसमोर बसून करा.

‘बिनव्याजी हप्ता’ हे बहुधा एखाद्या वित्तसंस्थेचे तुमच्या नावावरचे कर्ज असते. वित्तसंस्था पैसे एकरकमी संस्थेला देते आणि तुम्ही वित्तसंस्थेचे देणेकरी होता. त्यामुळे वर्ग आवडला नाही, शिक्षक बदलले किंवा संस्थाच बंद पडली, तरी हप्ता थांबत नाही. तो चुकला की सिबिल स्कोअर घसरतो आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी ते आठवते. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाचा खरा खर्च आणि अटी सांगणारे पत्रक, मिळायला हवे आणि ठरावीक ‘कूलिंग ऑफ’ मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचे व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. ती मुदत किती दिवसांची आहे ते सही करण्याआधी पाहून ठेवा. फी-परताव्याची अट ईमेलवर लेखी घ्या. फोनवर दिलेल्या शब्दाला पुढे काही किंमत राहत नाही. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पायरी सातवी : उडी न मारता सरका

सर्वांत कमी धोक्याचा बदल आपल्याच कंपनीत किंवा आपल्याच क्षेत्रात होतो. दुसऱ्या पायरीतील दहा प्रश्नांपैकी एक उचला, साहेबांची परवानगी घेऊन कंपनीच्याच यंत्रणेवर त्याचे उत्तर काढा, आणि दर सोमवारी हाताने बनणारा एखादा अहवाल आपोआप बनेल असे करा. कंपनीचा डेटा घरच्या लॅपटॉपवर किंवा गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर नेऊ नका. नोकरी जाण्याचा तो सरळ मार्ग आहे. सहा महिन्यांनी ‘क्वालिटी इंजिनिअर, ज्याने रिजेक्शनचा डॅशबोर्ड उभा केला’ अशी ओळख घेऊन तुम्ही एखाद्या उत्पादन कंपनीच्या अ‍ॅनालिटिक्स विभागात अर्ज करता, तेव्हा नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाशी तुमची स्पर्धाच राहत नाही.

मुलाखतीत साधे प्रश्न जास्त पाडतात. ऑर्डरींचे एक टेबल आणि पेमेंटचे दुसरे टेबल जोडून एकूण विक्री काढा, असे सांगितले जाते. एका ऑर्डरचे पैसे तीन हप्त्यांत आले असतील तर जोडणीनंतर ती ऑर्डर तीन ओळींत दिसते आणि १२,००० रुपयांची विक्री बेरजेत ३६,००० होते. जोडणीआधी आणि नंतर ओळी मोजण्याची सवय असलेला उमेदवार हे लगेच पकडतो. तसेच १,००० कर्जांपैकी २० थकली असतील तर ‘सगळे फेडतील’ असे डोळे मिटून सांगणारे मॉडेलही ९८ टक्के अचूक ठरते, पण थकणारे एकही कर्ज पकडत नाही. कर्जविभागात काम केलेल्याला त्यातली मेख समजावून सांगावी लागत नाही.

एका गोष्टीपासून मात्र चार हात लांब राहा. काही क्लासचालक फीसोबत दोन-तीन वर्षांच्या खोट्या अनुभवाचे पत्रही देऊ करतात. पार्श्वभूमी तपासणीत भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावरील नोकऱ्यांचा इतिहास मागितला जातो आणि खोटेपणा उघड झाला की रुजू झाल्यानंतरही काढून टाकतात. मग जुनी नोकरी गेलेली, नवी गेलेली आणि हप्ता मात्र चालूच. ऑफर हातात आल्यावरही राजीनाम्याची घाई नको. पत्रावरील रुजू होण्याची तारीख आणि आपला ६० किंवा ९० दिवसांचा नोटीस पीरियड जुळतो का ते पाहा, जुळत नसेल तर वाढीव तारीख ईमेलवर मागून घ्या, आणि ती लेखी आल्यावरच साहेबांच्या केबिनमध्ये जा.